एस्सेलवर्ल्ड बंद, इमॅजिका शंभर किलोमीटरवर: थीम पार्कच्या तिकिटात हॉटेलची खोली कशी आली?

शाळांना सुट्टी लागली की मिरा रोड-भाईंदरच्या फॅमिली ग्रुपवर एक जाहिरात हमखास फिरते. एक रात्र मुक्काम, नाश्ता, रात्रीचं जेवण, पार्कचं तिकीट, सगळं मिळून माणशी अमुक हजार. खाली कुणीतरी विचारतं, ‘वॉटर पार्क धरून का?’ दुसरं कुणी विचारतं, ‘आजीचंही पूर्ण तिकीट?’ उत्तर सहसा येत नाही. कारण उत्तर जाहिरातीत नसतं, अटींमध्ये असतं, आणि अटी कुणी फॉरवर्ड करत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मिरा-भाईंदरच्या घरात हा प्रश्न उठत नव्हता. पार्क म्हणजे एस्सेलवर्ल्ड. भाईंदर पश्चिमेहून बस किंवा रिक्षा पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकत उत्तनकडून गोराईच्या बाजूला उतरायचं. संध्याकाळी दमून घरी. मुक्कामाचा विषयच नव्हता.

आज थीम पार्कला जायचं म्हणजे दोन दिवसांचा बेत करावा लागतो. त्याच वेळी पार्कवाले मोठ्या, वेगवान, उलटंपालटं करणाऱ्या राइडवर जास्त पैसा आणि जास्त जाहिरात लावत आहेत. हॉटेलची खोली विकली जाते ती आजी-आजोबा आणि लहान मुलांसकट निघालेल्या घराला. नव्या राइडवर बसू शकतात ते त्या घरातले एक-दोघं. या विसंगतीचं बिल कोण भरतं, ते समजून घेण्यासाठी सुरुवात गोराईपासून करावी लागते.

गोराईत काय होतं?

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. मागे सुभाष चंद्रा यांचा एस्सेल समूह होता, म्हणजे पुढे झी टीव्ही काढणारेच. तोवर बहुतेकांसाठी मनोरंजन म्हणजे जत्रेतला आकाशपाळणा, नाहीतर चौपाटीवरची घोडागाडी. दिवसभर राहता येईल असा, कायमस्वरूपी राइड असलेला पार्क ही कल्पना अजून बरीच नवी होती. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं.

एस्सेलवर्ल्डची नव्वदच्या दशकातली टीव्हीवरची जाहिरात आज चाळिशीत असलेल्यांना चालीसकट पाठ आहे. तिच्यातल्या मुलाला घरी जायचंच नसतं, तिथेच राहायचं असतं. प्रत्यक्षात मात्र पार्कचा सगळा धंदा दिवसभराच्या तिकिटावर होता. संध्याकाळी सगळे घरी जात, आणि जाता येत होतं हेच त्याचं बलस्थान होतं. मालाडच्या मार्वे जेट्टीवरून किंवा बोरिवलीच्या बाजूने गोराई खाडी ओलांडून बोटीने या, नाहीतर भाईंदरमार्गे रस्त्याने या.

इथला भूगोल जरा मजेशीर आहे. गोराई आणि मनोरी ही गावं मुंबई महापालिकेत मोडतात, उत्तन आणि डोंगरी मिरा-भाईंदर महापालिकेत. पण सगळा पट्टा खाडीने मुंबईपासून तुटलेला. जमिनीवरून मुंबईतल्या गोराईला जायचं तर आधी मुंबई सोडून भाईंदरला यावं लागतं. बोरिवलीसमोरची खाडी रुंदीला फार नाही, तरी तिच्यावर वाहनांचा पूल नाही.

मग याच किनाऱ्यावर हॉटेलं का उभी राहिली नाहीत? प्रयत्न झाला होता. २००० च्या दशकात गोराई, मनोरी, उत्तन पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा एस्सेल समूहाचा प्रस्ताव होता. इथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन गावांनी त्याला कडाडून विरोध केला. शेती, मासळी वाळवण्याच्या जागा आणि पिढ्यांची घरं जातील, ही भीती होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. वर खारफुटी आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध. तो प्रस्ताव बारगळला. पार्क दिवसाचाच राहिला.

त्यानंतरची घसरण एका कारणाने झाली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. राइड जुन्या होत गेल्या. २०१३ मध्ये खोपोलीला नवा, चकचकीत स्पर्धक आला. २०१९ च्या जानेवारीत एस्सेल समूहाचं कर्जसंकट चव्हाट्यावर आलं. मार्च २०२० मध्ये कोरोना. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डचे दरवाजे बंद झाले. शेजारचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा, ज्याचं उद्घाटन २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं, तो उभा आहे. आरडाओरड्याची जागा बंद पडली आणि मौनाची जागा उरली, हा योगायोग तिथल्या रिक्षावाल्यांना फारसा गमतीचा वाटत नसावा.

मिरा-भाईंदरच्या आसपास पर्याय नाहीत असं नाही. घोडबंदर रोडला सूरज वॉटर पार्क, ठाण्यात टिकुजीनीवाडी, विरार-अर्नाळ्याकडे रिसॉर्टची रांग. ही रिसॉर्ट तर सकाळच्या नाश्त्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत एकच दर लावून वर्षानुवर्षं चालली आहेत. पण मोठा रोलर कोस्टर असलेला थीम पार्क म्हटलं की गाडी खोपोलीकडे वळते.

अंतर वाढलं की खोली विकली जाते

ॲडलॅब्सचे मनमोहन शेट्टी यांनी सुमारे १,६०० कोटी रुपये खर्चून उभारलेलं इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालं. जागा निवडताना हिशेब सरळ होता: मुंबई आणि पुणे, दोन्हीकडून येता येईल. मिरा रोडवरून मात्र हे अंतर जवळपास शंभर किलोमीटर. घोडबंदर रोडची कोंडी, ठाणे, मग द्रुतगती मार्ग आणि खालापूरचा टोलनाका. पहाटे निघून रात्री परतणं शक्य आहे, पण लहान मूल आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर परतीचा प्रवास शिक्षा होते.

नेमकी इथेच हॉटेलची गरज तयार होते. पार्कला लागून नोव्होटेल इमॅजिका हे हॉटेल २०१५ मध्ये सुरू झालं. आज त्यात २८७ खोल्या आहेत. पार्कच्या तिकिटावर एका माणसाकडून एकदाच पैसे मिळतात. खोली दिली की तेच घर रात्रीचं जेवण घेतं, सकाळचा नाश्ता घेतं, दुसऱ्या दिवशी वॉटर पार्ककडे वळतं. शनिवार-रविवारी कुटुंबं, मधल्या वारी कंपन्यांच्या बैठका आणि लग्नं. राइड बंद असली तरी खोलीचं भाडं चालू राहतं.

हा धडा सगळ्यात महागात शिकला तो वॉल्ट डिस्नी. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं तेव्हा पार्क बांधण्यातच त्याचे पैसे संपले होते. हॉटेल दुसऱ्याला, जॅक रेथर या उद्योजकाला, बांधू दिलं. पार्कभोवती भराभर मोटेलं उगवली आणि पार्कमुळे येणाऱ्या गर्दीचा पैसा त्यांच्या गल्ल्यात गेला. त्या हॉटेलची मालकी डिस्ने कंपनीला १९८८ मध्ये मिळाली. तोवर कंपनी शहाणी झाली होती. फ्लोरिडात तिने आधी सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली आणि १९७१ मध्ये पार्क उघडला तो स्वतःची हॉटेलं सोबत घेऊनच.

पुढची पायरी अशी की हॉटेलच्या पाहुण्याला पार्कात वेगळी वागणूक द्यायची. ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कांत ऑक्टोबर २०२१ पासून हॉटेलमध्ये उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. युनिव्हर्सलच्या काही महागड्या हॉटेलांत खोली घेतली की जुन्या दोन पार्कांत रांग टाळणारा एक्स्प्रेस पास फुकट मिळतो. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स पार्कला लागून असलेल्या हेलिओस ग्रँड हॉटेलला तर पार्कात उतरणारं स्वतःचं प्रवेशद्वार आहे. पण तो फुकटचा एक्स्प्रेस पास नव्या पार्कात चालत नाही. दार दिलं, रांग ठेवली. हॉटेलच्या सवलती अशाच असतात. नाव तेच राहतं आणि आतला माल बदलत जातो.

डिस्नेने १९९९ मध्ये रांग टाळण्याचा फास्टपास फुकट सुरू केला होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आली. आपल्याकडे इमॅजिकानेही साध्या तिकिटापेक्षा महाग असं एक्स्प्रेस तिकीट विकलं आहे. जगभर दिशा एकच: प्रवेश वेगळा, रांग वेगळी, झोपायची जागा वेगळी, आणि प्रत्येकाचा दर वेगळा.

थरार कुणासाठी?

आता दुसरी बाजू. इमॅजिका सुरू झालं तेव्हा त्याची ओळख गोष्ट सांगणाऱ्या राइडची होती. मिस्टर इंडिया, अलीबाबा, सलीमगढचं भुताचं घर, डायनासोरच्या दुनियेतून जाणारी राजासॉरस ही पाण्यातली सफर, देश वरून दाखवणारी ‘आय फॉर इंडिया’. यातल्या बऱ्याच राइडवर तीन पिढ्या एकत्र बसू शकतात. सोबत नायट्रोही होता: स्विस कंपनी बोलिजर अँड मबिलार्डने बनवलेला, पायाखाली फरशी नसलेला कोस्टर. उंची सुमारे चाळीस मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं. लोकांना मिस्टर इंडिया आवडला असेल, पण व्हिडिओ नायट्रोचा काढला गेला.

पार्कवाल्यांचा कल थराराकडे जाण्याचं हे एक कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर घडणारी गोष्ट मोबाइलमध्ये नीट येत नाही. आलीच तर गोष्ट फुटते. कोस्टरवर किंचाळणारा मित्र तीस सेकंदांत सगळं सांगून जातो. शिवाय गोष्ट जुनी होते. १९८७ च्या सिनेमावरची राइड आजच्या बारावीतल्या मुलाला आई-बाबांची वाटते. उंचावरून खाली पडतानाची पोटातली कळ कधी जुनी होत नाही.

वंडरलाने हा हिशेब पक्का केला आहे. केरळमधून आलेल्या या कंपनीने बंगळुरू, हैदराबाद, भुवनेश्वर असं करत डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईचा पार्क उघडला, तो नायट्रोच्याच स्विस कंपनीचा नवा कोस्टर पुढे करून. बंगळुरूत तिचं स्वतःचं रिसॉर्ट २०१२ पासून आहे. अमेरिकेत डिस्नेने जून २०२५ मध्ये मपेट बाहुल्यांचा जुना थ्रीडी खेळ कायमचा बंद केला. त्या जागी येणाऱ्या नव्या विभागाचं मुख्य आकर्षण कोस्टर आहे. बसून बघायच्या जागा कमी आणि पट्टा बांधून बसायच्या जागा जास्त, हे आता कुटुंबांचा पार्क म्हणवणाऱ्यांकडेही दिसतं.

तरुणांना हे हवं आहे, यात वाद नाही. नालासोपारा किंवा काशीमिऱ्याहून कॉलेजच्या आठ जणांचा गट जातो तेव्हा त्यांना आजीसाठी बाक नको असतो. पण हा गट हॉटेलची खोली घेत नाही. ते पहाटे निघतात, रात्री परततात, खाण्यावर हात आखडता घेतात. खोली घेतं ते कुटुंब, आणि अडचण तिथेच सुरू होते.

समजा मिरा रोडच्या एका घरातून पाच जण निघाले. आजी, आई-बाबा, दहावीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मोठ्या कोस्टरला उंचीची अट साधारण १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान असते, म्हणजे मुलगा बाद. रक्तदाब, पाठदुखी, गुडघे यामुळे आजी बाद. मुलाला एकटं सोडता येत नाही म्हणून आई-बाबांपैकी एक जण कायम खाली. पाच तिकिटं घेऊन थरारक राइडवर एका वेळी दोघं बसतात. उरलेल्या तिघांनी प्रवेशाचा जवळजवळ तेवढाच दर भरलेला असतो, ज्येष्ठांना आणि मुलांना मिळणारी थोडी सवलत सोडली तर.

भारतात बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयाऐवजी उंचीवर ठरतं. त्यामुळे बाबा मुलाला फूटपट्टीखाली वाकून उभं राहायला सांगतात आणि तोच मुलगा आत गेल्यावर कोस्टरच्या दारात टाचा उंचावतो. एकाच दिवसात दोन उलट्या परीक्षा.

पार्कवाले यावर म्हणू शकतात की आत लहानांच्या राइडही असतात. असतात. पण नवा पैसा कुठे जातो हा प्रश्न आहे. नवा कोस्टर आला की तिकीट सगळ्यांचं वाढतं, त्याच्यावर बसणार नसलेल्यांचंही. मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या गाद्यांचा खर्च सेकंड क्लासच्या पासातून वसूल केला तर जो गोंधळ होईल, तो इथे होत नाही. कारण आजी कधी तक्रार करत नाही. ती बाकावर बसून पिशव्या सांभाळते.

पावसाचं वेगळं गणित

खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याला. जून ते सप्टेंबर इथे पाऊस बेदम. याच काळात हॉटेलचे दर उतरतात आणि ‘पावसाळी पॅकेज’ येतात. आणि याच काळात उघड्यावरचा कोस्टर सर्वांत बेभरवशाचा असतो, कारण जोराचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की सुरक्षेसाठी अशा राइड थांबवाव्याच लागतात. छपराखालच्या गोष्टीच्या राइड मात्र पावसातही चालतात. म्हणजे वर्षातले चार महिने कोकणाच्या हवेला ज्या राइड जास्त मानवतात, त्याच जाहिरातीत मागे पडत चालल्या आहेत. थरार थांबवला म्हणून पार्कला दोष देता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या कापसहेडा भागातल्या एका पार्कात कोस्टरवरून पडून चोवीस वर्षांच्या तरुणीचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही. पण पाऊस पडला तर तिकिटाचं काय, हे खोली घेण्याआधी लिहून मिळायला हवं.

पॅकेजमध्ये नेमकं काय बघायचं?

सर्वांत आधी वेळ. हॉटेलची खोली साधारण दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या आसपास सोडावी लागते. पार्क मात्र सकाळी साडेदहा-अकराला उघडतो. एका रात्रीच्या मुक्कामात पार्कचं तिकीट एका दिवसाचं असेल, तर ते पहिल्या दिवशी वापरायचं की दुसऱ्या, हे तारखेला बांधलेलं आहे का ते पाहावं. पहिल्या दिवशी वापरायचं तर खोली मिळेपर्यंत सामान कुठे ठेवायचं आणि आजी कुठे टेकणार? खोली घेतली त्यामागे हेच तर कारण होतं.

दुसरं, ‘पार्क’ या शब्दात काय येतं. इमॅजिकाच्या परिसरात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क असे वेगवेगळे प्रकार आहेत. जाहिरातीतल्या चित्रात तिन्ही दिसले म्हणजे पॅकेजमध्ये तिन्ही आहेत असं नाही.

तिसरी गोष्ट कराची, आणि ती सहसा कुणी बघत नाही. करमणूक पार्कच्या तिकिटावर जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. दुसरीकडे, दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या हॉटेलच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के. दोन गोष्टी एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या आणि त्यांचा एकमेकींशी नैसर्गिक संबंध नसला, तर कायद्यानुसार तो ‘मिश्र पुरवठा’ ठरू शकतो आणि सगळ्या रकमेवर जास्त असलेला दर लागतो. उदाहरणादाखल, खोली सहा हजार आणि तिकिटं सहा हजार. वेगळं बिल असेल तर कर ३०० अधिक १,०८०, म्हणजे १,३८० रुपये. बारा हजारांचं एकच बिल १८ टक्क्यांनी लावलं तर २,१६० रुपये. फरक ७८० रुपयांचा, म्हणजे द्रुतगती मार्गाचा जाता-येता टोल निघेल इतका. त्यामुळे पॅकेजची किंमत ‘करासह’ आहे का आणि बिलात खोली-तिकीट वेगळं दाखवणार का, हे विचारणं अजिबात कंजूषपणाचं नाही.

ऑनलाइन बुकिंगमध्ये आणखी एक सापळा असतो. पहिल्या पानावर एक किंमत, पैसे भरताना दुसरी. किंवा मागितलं नसताना जेवणाचं कूपन यादीत आधीच टाकलेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा क्लृप्त्या ‘डार्क पॅटर्न’ म्हणून मोडतात आणि त्यांना मनाई आहे. पैसे भरण्याआधीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

भाईंदरचा किनारा पुन्हा स्पर्धेत येईल?

२०२२ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. गोराईचा पार्क बंद झाला आणि कर्जात रुतलेल्या इमॅजिकाची सूत्रं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. शिर्डी आणि लोणावळ्याचे वेट अँड जॉय वॉटर पार्क चालवणारा हा समूह. शिर्डीला येणाऱ्या माणसाचा मुक्काम आधीच ठरलेला असतो, पार्क त्याला नंतर जोडला जातो. हा अनुभव खोपोलीत उपयोगी पडणारा आहे.

मिरा-भाईंदरमध्ये मात्र सध्या चर्चा रस्त्यांची आहे. दहिसर ते मिरा-भाईंदर मेट्रो, वर्सोव्याकडून भाईंदरपर्यंत येणारा सागरी किनारा मार्ग, उत्तन ते विरार सागरी सेतूचा प्रस्ताव. हे सगळं झालं तर एस्सेलवर्ल्ड ज्या कोपऱ्यात होतं तो तुटलेला राहणार नाही. पण रस्ता आला की जमिनीचा भाव वाढतो, आणि त्या भावाला पाळण्यांचा पार्क परवडत नाही. परवडतात ती हॉटेलं आणि त्यांच्या अंगणातल्या दोन-चार राइड. पर्यटनाच्या नावाखाली जमीन मागणाऱ्यांना उत्तन-गोराईच्या गावांनी एकदा परत पाठवलं आहे, आणि नव्या रस्त्यांच्या आखणीवर इथल्या मच्छीमारांचे आक्षेप आतापासूनच येत आहेत.